वाण्याकडचे विष

चेन्नईजवळच्या कुंद्रत्तूरमध्ये उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने सहा वर्षांची मुलगी आणि तिचा एक वर्षाचा भाऊ यांचा बळी घेतला. पेस्ट कंट्रोलवाले औषध ठेवून गेले, कुटुंब एसी लावून बंद घरात झोपले. गुन्हा दाखल झाला, अटकही झाली. आता पुढचा बळी जाईपर्यंत सारे गप्प!

आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? 2021 मध्ये धारावीतल्या 18 वर्षांच्या मुलीने टूथपेस्ट समजून उंदराच्या औषधाने दात घासले. 2022 मध्ये मालाडच्या गृहिणीने उंदरांसाठी विष लावून ठेवलेला टोमॅटो चुकून मॅगीत घातला. दोघीही दगावल्या. चूक त्यांचीच, म्हणून आपण मोकळे झालो. पण टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये जहाल विष भरून विकू देणाऱ्यांचे काय?

बाजारातल्या अशा पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला की आधी उलट्या होतात. मग दोन-तीन दिवस रोगी बरा दिसतो, बोलतो, जेवतो. घरचे त्याला घरी नेतात. आत यकृत निकामी होत असते. या विषावर उतारा नाही. यकृत प्रत्यारोपणाचा खर्च किती घरांना झेपणार? तमिळनाडूने या पेस्टवर बंदी घातली. जे एका राज्याला कळले, ते देशभर कळायला आणखी किती यकृते जळावी लागणार?

धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांचीही तीच गत. दमट हवा लागली की त्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्यावरही उतारा नाही. कागदोपत्री त्यांच्या विक्रीवर कडक निर्बंध आहेत. कागदोपत्रीच.

मुळात घरोघरी विष का लागते? नाक्यानाक्यावर कचरा साचतो म्हणून. मुंबई महापालिकेचे मूषक संहारक रात्रभर काठी आणि बॅटरी घेऊन उंदरांमागे धावतात आणि सकाळी तोच कचरा नव्या उंदरांना पोसतो. यंत्रणेने हात झटकले की नागरिक वाण्याकडून ट्यूब आणतो.

तेव्हा उतारा नसलेले विष किराणा दुकानांतून आणि ऑनलाइन बाजारातून हद्दपार झालेच पाहिजे. उंदरांचे रक्त गोठू न देणाऱ्या औषधांवर निदान ‘के’ जीवनसत्त्वाचा उतारा आहे, पिंजराही आहेच. आणि घरात कुणाच्या पोटात हे विष गेलेच, तर ‘आता बरे वाटतेय’ यावर विसंबू नका. रिकामी ट्यूब सोबत घ्या आणि थेट मोठे रुग्णालय गाठा.