जनावराचा विमा : हप्ता स्वस्त, अटी महाग

लातूर/नांदेड, विशेष प्रतिनिधी - मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी बैलांचे सौदे होतात, तेव्हा गिऱ्हाईक दात पाहते, खूर पाहते, चार पावले चालवूनही पाहते. उदगीर तालुक्यातील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी गोऱ्हा घेतानाही हीच तपासणी होते. या जनावराचा विमा आहे काय आणि असल्यास त्याचे कागद कोठे आहेत, हा प्रश्न मात्र सौद्यात सहसा येत नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या योजनेत विम्याच्या मुदतीत जनावर विकले गेले, तर उरलेल्या काळाचा लाभ नव्या मालकाकडे वळविण्याची तरतूद आहे. ती नोंद न झाल्यास हप्ता भरणाऱ्याकडे जनावर नसते आणि जनावर असणाऱ्याच्या नावावर विमा नसतो.

पशुधन विमा हा काही नवा विषय नव्हे. दहाव्या पंचवार्षिक योजनेत २००५-०६ आणि २००६-०७ मध्ये देशातील निवडक शंभर जिल्ह्यांत तो प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. २०१४-१५ पासून तो राष्ट्रीय पशुधन अभियानाचा भाग बनला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २१ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. त्यापूर्वी लाभार्थ्याच्या प्रवर्गानुसार आणि भागानुसार त्याचा वाटा २० ते ५० टक्के असे. तो सर्वांसाठी १५ टक्के करण्यात आला. उरलेला भार केंद्र आणि राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात उचलावयाचा आहे. साहजिकच राज्याने आपला वाटा दिला आणि कंपनीशी करार झाला, तरच ही सवलत गोठ्यापर्यंत पोचते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा, बैलाची किंमत साठ हजार रुपये ठरली आणि वार्षिक हप्त्याचा दर शेकडा तीन धरला, तर पूर्ण हप्ता होतो १८०० रुपये. पंधरा टक्के वाट्याने शेतकऱ्याच्या खिशातून जातात अवघे २७० रुपये, कर असल्यास तो वेगळा. तरीही हप्ता वाचविण्यासाठी किंमत कमी लिहून घेण्याचा मोह होतो. साठ हजारांचा बैल तीस हजारांचा लिहिला, तर वर्षाला १३५ रुपये वाचतात आणि बैल दगावल्यास तीस हजारांवर पाणी सोडावे लागते. योजनेत ही किंमत पशुवैद्यकीय अधिकारी, विमा कंपनीचा प्रतिनिधी आणि पशुपालक या तिघांनी मिळून ठरवावयाची असते. म्हणजे शेतकऱ्याला तेथे बोलण्याचा अधिकार आहे. देवणीतील वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार किंवा जातिवंत कंधारी यांची बाजारातील किंमत साध्या गावरान जनावरापेक्षा अधिक असते. ती कागदावर उतरली नाही, तर भरपाईत कोठून येणार?

सर्वांत मोठा गैरसमज विम्याच्या व्याप्तीविषयी आहे. हा विमा मुख्यतः जनावराच्या मृत्यूचा आहे, उपचारांचा नव्हे. म्हैस महिनाभर आजारी राहिली, सलाइन-औषधांत पाच-सात हजार गेले आणि ती वाचली, तर सर्वसाधारण पॉलिसीतून छदामही मिळत नाही. ती दगावली, तर पैसे मिळतात. दुभत्या जनावराची दूध देण्याची वा गाभण राहण्याची क्षमता कायमची गेली, बैल कामातून गेला, तर त्यासाठी कायमच्या पूर्ण अपंगत्वाचे कलम बहुधा जादा हप्ता भरून घ्यावे लागते. तेथेही बहुधा विमा रकमेच्या ७५ टक्केच मिळतात. पाय मोडून बैल लंगडा झाला पण चालतो, अशा अर्धवट अपंगत्वाला विम्यात स्थान नाही. चोरीही साधारणतः वगळलेलीच असते. मराठवाड्यात मृगाच्या तोंडावर वीज पडून दगावणारी जनावरे, पूर, अपघात, सर्पदंश, शस्त्रक्रियेत आलेला मृत्यू हे मात्र सामान्यतः संरक्षणात येते.

रोगांच्या बाबतीत दोन अटी विसरू नयेत. विमा उतरविल्यापासून पहिल्या १५ दिवसांत जडलेला आजार धरला जात नाही. शेजारच्या गोठ्यात साथ आल्यावर धावपळ करून उतरविलेला विमा म्हणूनच बहुधा कामी येत नाही. दुसरी अट लसीकरणाची. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत यांसारख्या रोगांनी मृत्यू झाल्यास अनेक पॉलिसींत लस टोचल्याचा दाखला मागितला जातो.

२०२२ च्या लम्पी साथीने एक वेगळाच परिणाम घडविला. राज्य सरकारने त्या वेळी मृत गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. विमा नसणाऱ्यांनाही ती मिळणार होती. निर्णय रास्तच होता. पण पुढच्या आजारातही सरकार देईल, ही अपेक्षा त्यातून रुजण्याचा धोका होता. साथ जाहीर झाली नाही आणि एकाच गोठ्यातील एकच बैल गेला, तर अशी मदत मिळत नाही. शिवाय एक बैल गेला की जोडी मोडते. पेरणीच्या तोंडावर तशाच चालीचा, तशाच उंचीचा जोडीदार शोधण्याचा खर्च कोणतीच पॉलिसी देत नाही.

कुत्र्यांच्या विम्याची रीत थोडी निराळी आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव कारवानी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. कुत्र्यांसाठी अलीकडे निघालेल्या काही पॉलिसींत मृत्यूसोबत शस्त्रक्रिया, दवाखान्यातील उपचार, हरवणे किंवा कुत्र्याने दुसऱ्यास चावल्यास द्यावयाची भरपाई अशी कलमे निवडता येतात. वयाची मर्यादा आणि लसीकरणाचे कार्ड तेथेही आडवे येते. शिवाय या विम्याला पशुधन योजनेचे अनुदान नाही; पूर्ण हप्ता मालकाचाच.

दावा मंजूर होणे बऱ्याच अंशी कानातील बिल्ल्यावर ठरते. पॉलिसीत नोंदलेला क्रमांक मृत जनावराच्या कानात नसल्यास दावा फेटाळला जातो. राज्यात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर बंधन घालण्यात आल्याने बिल्ले वाढले. पण काट्यात अडकून बिल्ला पडला, तर तो तातडीने बदलून नवा क्रमांक कंपनीला कळविण्याचे काम पशुपालकाचेच राहते. मृत्यूनंतर कंपनीला त्वरित खबर, पॉलिसी, दाव्याचा अर्ज आणि शवविच्छेदनाचा अहवाल एवढे कागद लागतात. डॉक्टर येण्याआधी जनावर पुरले, तर यातील मुख्य कागदच उरत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ परिसरात पुराचे पाणी रात्रीतून गावात शिरले. माणसे दगावली, दावणीची जनावरेही गेली. विम्यात पूर हे कारण मान्य आहे. पण प्रवाहात वाहून गेलेल्या म्हशीचे शवविच्छेदन कोणी करावयाचे आणि बिल्ला कोठून आणावयाचा? अशा वेळी पशुपालकाच्या हाती राहतो तो महसूल विभागाचा पंचनामा. त्यावर आपत्ती निवारणाच्या निकषांनुसार दुधाळ जनावरामागे ३७ हजार ५००, तर ओढकामाच्या जनावरामागे ३२ हजार रुपये मिळतात. विमा कंपनीशी करार करताना वाहून गेलेल्या जनावरांसाठी हाच पंचनामा पुरावा म्हणून धरण्याचे कलम राज्य सरकारला घालून घेता येईल. ते कलम नसेल, तर पॉलिसी खिशात असूनही पूरग्रस्त पशुपालकाची गणना विमा नसलेल्यांतच होईल.