सुट्टीचे शेवटचे तीन दिवस

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. दापोली तालुक्यातल्या माझ्या माहेरी आगोटीची घाई चालली होती. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून अंगणात सुकट वाळत होती. पडवीत लाकडं रचून झाली होती आणि आई रातांबे फोडत बसली होती. आमच्या परतीच्या गाडीला तीन दिवस उरले होते.

नवऱ्याने बेत ठरवला होता. एक दिवस हर्णै आणि सुवर्णदुर्ग, एक दिवस मुरूडचा किनारा, शेवटचा दिवस बॅगा भरायला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एवढ्या लांब यायचं आणि मुलीला किल्लाही दाखवायचा नाही?

पण आमची पाच वर्षांची लेक अडून बसली. म्हणाली, "नानीची आमसुलं अजून झाली नाहीत."

तिच्या हट्टापेक्षा मला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ती हे मराठीत म्हणाली होती.

मुंब्र्याला आमच्या घरात हिंदी चालते आणि तिची शाळा इंग्रजी. माझी आई मात्र आमची कोकणी बोलते. आल्यावर पहिले आठ दिवस लेक नानीचं ऐकायची आणि माझ्याकडे बघायची, "नानी क्या बोल रही है?" माझी आई आणि माझी मुलगी, आणि त्यांच्यामध्ये मी दुभाषी! याची लाज मला फार आधी वाटायला हवी होती.

मग रातांबे निघाले. नानीने फळ फोडायचं, हिने बिया काढायच्या. सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात पसरायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवायची. या कामात सूप, ओटी, परसू, आगळ असे शब्द तिच्या तोंडी आले. कुणी शिकवायला बसलं नव्हतं. हात कामात होते आणि नानीला दुसरी भाषा येत नव्हती, एवढंच.

"तुम्ही मुसलमान असून इतकं छान मराठी कसं बोलता?" हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला आहे. तो ऐकून राग येतो आणि तो रास्तच आहे. पण आपण आपल्या मुलांना सकाळी कोणत्या भाषेत उठवतो, हेही एकदा स्वतःला विचारावं. उर्दूबद्दल माझी तक्रार नाही, इंग्रजीशिवाय तर चालणारच नाही. पण माझ्या आजीने ज्या बोलीत मला रागावलं, लाड केले, ती माझ्या घरातून कुणी हिसकावून नेलेली नाही. ती मीच दाराबाहेर ठेवली.

म्हणून वाटतं, सुट्टीचे शेवटचे दिवस आपण फार स्वस्तात घालवतो. लहान मूल नव्या घरात रुळायलाच आठवडा घेतं. ते मोकळं व्हायला लागतं तेव्हा आपण बॅगा काढतो. जे बघायचं ते आधी बघून घ्यावं आणि शेवटचे तीन दिवस घरासाठी ठेवावेत. चारच दिवसांची रजा मिळणाऱ्यांना हे जमणार नाही, हे मला कळतं. त्यांनी निदान शेवटची दुपार ठेवावी.

आणि जायचा दिवस मुलापासून लपवू नये. "उद्या जायचंय" हे आदल्या रात्री सांगितलं तर ते रडणारच. आम्ही तीन दिवस आधी सांगितलं. मग तिने शेजारच्या खालाला, गोठ्यातल्या वासराला, विहिरीला, सगळ्यांना स्वतः जाऊन सलाम केला. रडली ती निघतानाच, आणि नानीही रडली.

किल्ला राहिला. तो कुठे जात नाही, पुढच्या वर्षी बघू. आईचं वय मात्र थांबत नाही.

आमसुलं शेवटी ओलसरच राहिली. आईने ती फडक्यात बांधून दिली. मुंब्र्याला आल्यावर लेकीने ती गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरली. तिसऱ्या दिवशी सर आली तेव्हा तिने माझा फोन घेतला.

"नानी, पाऊस आला. आमसुलं आत घेतली."

पलीकडून आई काहीतरी म्हणाली. लेक हसली आणि उत्तर देत राहिली. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.