आकडा कोणी मोजायचा?

तर झालं असं मंडळी, की आईच्या वहीतली भरिताची कृती मी टाइप करून इथं टाकली होती. आमच्या नशिराबादच्या घरची कृती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, मग फोडणी, कांद्याची पात... मी हौसेने प्रत्येक ओळीआधी १), २), ३) असे आकडे हाताने टाइप केले. निळे, ठळक. छान दिसत होतं!

दोन दिवसांनी आठवलं, भाजण्याआधी वांग्यांना टोचे मारून तेलाचा हात लावायचं राहिलंच. ते मध्ये घातलं. खालचे आकडे बदलताना एक सुटला आणि कृतीत दोन ४ झाले. धाकट्या बहिणीचा फोन आला, "दादा, यातला खरा चौथा कोणता?" हसून सोडून दिलं.

मग नशिराबादहून मामांचा फोन आला. काचबिंदूने त्यांची नजर गेली आहे. कॉम्प्युटर वाचून दाखवतो आणि ते ऐकतात. म्हणाले, "भाऊ, हा सगळं एका दमात वाचतो. एकूण किती पायऱ्या, मी कितवीवर आहे, काही समजत नाही रे. ताईची कृती म्हणून दोनदा ऐकली."

आता मात्र हसू आलं नाही. चूक माझीच होती. डोळ्यांना ती यादी दिसत होती, पण यंत्राच्या लेखी ते नुसते सुटे परिच्छेद होते.

खरं तर एचटीएमएलमध्ये क्रमवार यादीसाठी 'ओएल' ही खूण फार पूर्वीपासून आहे आणि तिच्या आतल्या प्रत्येक मुद्द्याला 'एलआय'. ती वापरली की मोजायचं काम ब्राउझरचं. मध्ये एक पायरी घाला, खालचे आकडे आपोआप सरकतात. वाचून दाखवणारा प्रोग्रामही आधी सांगतो की ही यादी आहे, इतके मुद्दे आहेत.

"पण मग आकडे इंग्रजी येतात ना!" मीही हेच कारण सांगायचो. ते काम सीएसएसचं. लिस्ट-स्टाइल-टाइपला 'देवनागरी' म्हटलं की १, २, ३ उमटतात. रंग आणि ठळकपणा 'मार्कर'ला द्यायचा. "पायरी १" असं हवं असेल तर 'काउंटर-स्टाइल' नियम आहे. तो फायरफॉक्समध्ये २०१४ साली आला, क्रोममध्ये २०२१ला, सफारीत २०२३ला. म्हणजे आता सबब उरली नाही.

मग प्रत्येक आकडा यंत्रावर सोपवायचा का? नाही. आपला सातबारा बघा. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. तिथं आकडा हेच नाव आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाच्या हक्काचं कलम घातलं, त्याला २१-अ म्हटलं. त्याला २२ करून पुढची कलमं सरकवली असती, तर जुन्या निकालांमधले सगळे उल्लेख भलत्याच कलमांकडे गेले असते. असा आकडा आपणच लिहावा. तो मजकुराचा भाग आहे.

म्हणून मी आता आकडा टाइप करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. मध्ये काही घातलं तर हा आकडा बदलायला हवा का? हवा असेल तर तो क्रम आहे, यंत्राने मोजावा. नको असेल तर ते नाव आहे, त्याला हात लावू नये. रंगरंगोटी त्यानंतर.

असो. कृती नीट करून पुन्हा टाकली. रात्री मामांचा फोन.

"आता बरोबर सांगतो रे. सात पायऱ्या म्हणाला. एकेक थांबवून ऐकली."

"मग? जमली?"

"जमली. पण ताई शेवटी वरून कोथिंबीर घालायची. ती कुठं आहे?"

वही काढून बघितली. पानाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात होती. आठवा एलआय घातला. आकडा टाइप करावा लागला नाही.