पाचवं चाक कुठे गेलं?

मोटारीचं चाक पायाशी धरून तुम्ही कधी एसटीनं प्रवास केलाय? मी केलाय. गेल्याच दिवाळीच्या सुट्टीत, माणगावहून ताम्हिणी घाटाकडे. कंडक्टरनं माझं पूर्ण, भाच्याचं अर्धं आणि चाकाचं लगेज अशी तीन तिकिटं दिली. भाचा सहावीत आहे. चाकालाही तिकीट पडतं हे त्याला फारच आवडलं. मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं. का, ते सांगतो.

धाकट्या बहिणीच्या घरी नवी गाडी आली होती. दोन महिन्यांची कोरी! मेहुणे, बहीण, भाचा, माझी आई (म्हणजे भाच्याची आजी) आणि मी असे पाचजण पुण्याहून दिवेआगरला निघालो. घाटात समोरून एक बस आली. मेहुण्यांनी गाडी डावीकडे घेतली. पावसाळ्यानंतर घाटातल्या डांबराच्या कडा कशा खाल्लेल्या असतात, ठाऊक आहे ना? चाक कडेवरून खाली उतरलं आणि एका धारदार दगडाला घासलं. पुढच्या पडद्यावर पिवळा दिवा लागला. पाठोपाठ गाडी डावीकडे ओढायला लागली.

"पंक्चर! काही काळजी नाही," मेहुणे म्हणाले. "स्टेपनी लावू. दहा मिनिटांचं काम."

डिकीतल्या बॅगा काढल्या, फराळाचे डबे काढले, खालचा गालिचा उचलला. बघतो तर काय, तिथे चाकच नाही! थर्माकोलच्या खाचेत एक छोटा पंप आणि पांढऱ्या द्रवाची एक बाटली, बस्स.

"पाचवं चाक कुठे गेलं?" भाच्यानं विचारलं.

मेहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मेहुण्यांकडे. गाडी घेताना रंग पाहिला होता, पडदा किती इंची आहे ते पाहिलं होतं, गाणी कशी वाजतात तेही पाहिलं होतं. डिकीचा गालिचा कुणीच उचलला नव्हता.

भाच्यानं गाडीचं पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. बाटली पंपाला जोडायची, पंपाची वायर गाडीतल्या १२ व्होल्टच्या खोबणीत खुपसायची आणि बटण दाबायचं. हवेबरोबर तो द्रव टायरमध्ये जातो. त्यात रबराचा चीक आणि बारीक तंतू असतात. भोकातून हवा बाहेर पडायला लागली की तिच्याबरोबर तोही भोकात जाऊन बसतो आणि घट्ट होतो. जखमेवर रक्ताची खपली धरते ना, अगदी तसंच. आहे की नाही छान युक्ती? मलाही वाटलं, वा! मग भाच्यानं पुढची ओळ वाचली. टायरच्या कडेच्या भिंतीला छेद गेला असेल, तर हा संच वापरू नये.

आम्ही सगळ्यांनी वाकून पाहिलं. छेद बरोब्बर कडेच्या भिंतीलाच होता. चांगला बोटभर!

इथे क्षणभर थांबू या. टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो जाड असतो आणि त्याच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. तिथे खिळा घुसला तर भोक लहान राहतं आणि बुजवता येतं. कडेची भिंत मात्र पातळ आणि लवचिक असते, कारण तिला वाकायचं असतं. गाडीचं वजन पेलताना टायरचा खालचा भाग दबतो, चाक फिरलं की तो सरळ होतो आणि दुसरा भाग दबतो. आता एक हिशेब करा. चाकाचा व्यास साधारण ६० सेंटीमीटर धरला तर परीघ होतो जवळजवळ १८८ सेंटीमीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक ५३० वेळा फिरतं. म्हणजेच भिंतीचा प्रत्येक भाग किलोमीटरमागे ५३० वेळा वाकतो आणि सरळ होतो. तिथे कसली खपली टिकणार? म्हणून भिंत फाटली की टायर बदलण्याला पर्याय नसतो.

मेहुण्यांनी मदतीसाठी फोन लावला, पण घाटाच्या त्या वळणावर फोनला रेंज नव्हती. आजी एका दगडावर बसली आणि तिनं चकल्यांचा डबा उघडला.

अर्ध्या तासानं एक टेम्पो थांबला. पुण्याला मासळी उतरवून रिकामी खोकी घेऊन तो कोकणात परत चालला होता. ड्रायव्हर उतरला, चाक बघून म्हणाला, "स्टेपनी काढा ना दादा."

"स्टेपनीच नाहीये," भाचा म्हणाला.

"नवी गाडी ना?" त्यानं विचारलं आणि टेम्पोतून जॅक, पाना आणि एक लांब पाइप काढला. आमच्या गाडीत जॅकही नव्हता. चाकच नाही तर जॅक कशाला देतील?

हा माणूस चाक काढताना पाहण्यासारखा होता. आधी त्यानं हँडब्रेक ओढलेला आहे ना ते तपासलं. मग चांगल्या चाकांना दगडांची उटी लावली. आजीला "आजी, तुम्ही लांबच बसा" म्हणून सांगितलं. नंतर नट सैल करायला घेतले, जॅक लावायच्या आधीच! भाच्यानं विचारलं, "आधी गाडी उचलायची ना?" तो म्हणाला, "उचलल्यावर चाक गरागरा फिरंल बाळा. नट कसा सुटंल?" खरंच की! चाक जमिनीवर टेकलेलं असलं की जमीनच ते धरून ठेवते.

एक नट हलेना. मग त्यानं पान्याच्या दांड्यावर तो पाइप चढवला आणि भाच्याला म्हणाला, "लाव जोर." भाच्यानं पाइपाच्या टोकाला लटकून जोर लावला आणि कट्कन नट फिरला. शाळेत तरफ शिकवतात, ती हीच. दांडा दुप्पट लांब केला की निम्म्या जोरात काम होतं. (घरी हा प्रयोग नट घट्ट करताना करू नका बरं का. जास्त जोरानं आटे खराब होतात.)

चाक निघालं. गाडीखाली त्यानं सपाट दगड रचून ठेवले, आणि चाक, मी आणि भाचा असे तिघं टेम्पोत चढलो. त्याचा जॅक तर आमच्या गाडीखालीच अडकला होता. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. काम झालं की विळ्याला माझ्या भावाच्या टपरीवर द्या." म्हणजे आता त्याच्या टेम्पोत स्टेपनी होती, पण ती लावायला जॅक नव्हता! ओळख ना पाळख, आणि माणूस आपला जॅक ठेवून निघाला.

वाटेत भाच्यानं विचारलं, "मामा, जादा चाकाला स्टेपनी का म्हणतात?" हे मात्र मला माहीत होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या मोटारींची चाकं आजच्यासारखी चार नट काढून सुटत नसत. टायर पंक्चर झाला की रस्त्यातच तो रिमवरून उपसायचा, आतली ट्यूब काढायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा सगळं चढवायचं. तेव्हा रस्त्यावर घोडागाड्यांची वर्दळ असायची आणि घोड्यांच्या नालांचे खिळे जागोजागी पडलेले असायचे. हवेचा टायर जॉन बॉइड डनलॉपनं १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी केला. त्यामुळे गचके कमी झाले खरे, पण पंक्चर नावाचं नवं दुखणंही जगाला मिळालं.

ब्रिटनमध्ये वेल्स म्हणून प्रांत आहे. तिथल्या लानेली गावात टॉमस मॉरिस डेव्हिस नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९०४ मध्ये एक युक्ती काढली. आरे नसलेली नुसती लोखंडी धाव, तिच्यावर आधीच हवा भरलेला टायर. पंक्चर झालेलं चाक काढायचंच नाही, त्याला शेजारून ही धाव चिमट्यांनी आवळून बसवायची आणि पुढे निघायचं! त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं, म्हणून त्या चाकाचं नाव 'स्टेपनी स्पेअर व्हील'. पुढे सबंध चाकच काढता-घालता येऊ लागलं, ती धाव नाहीशी झाली. इंग्लंडमधले लोक तो शब्दही विसरले. आपण मात्र तो धरून ठेवला. लानेलीपासून इतक्या दूर, कोकणातल्या टेम्पोवाल्याच्या तोंडी तो आहे. मजा नाही का?

ड्रायव्हर हसून म्हणाला, "आमाला वाटायचं, ह्यो मराठीच शब्द."

मग आताच्या गाड्यांतून ही स्टेपनी जाते का आहे? कंपन्यांची कारणं अगदीच खोटी नाहीत. जॅक आणि पान्यासकट पाचवं चाक म्हणजे पंधरा-वीस किलो सहज होतात. गाडी जन्मभर ते ओझं वाहते, त्याचं पेट्रोल जाळते, आणि डिकीतली जागाही अडते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरीच एवढी जागा खाते की चाक ठेवायचं कुठे हा प्रश्नच असतो. शिवाय ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी तो तिथेच अडकून बसतो आणि हवा हळूहळू जाते. आमच्या पडद्यावर लागला तसा दिवा आधीच सावध करतो. २०२० सालच्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं नियमच बदलला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, हवा कमी झाल्याची सूचना देणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. काही गाड्यांत मधला मार्ग म्हणून सडपातळ स्टेपनी देतात. तिच्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरच्या वर जायचं नाही असा इशाराच छापलेला असतो. तिचं काम फक्त टायरच्या दुकानापर्यंत पोचवण्याचं.

शहरात रोज शाळा, ऑफिस, बाजार एवढंच फिरणाऱ्यांना तो पंप आणि बाटली पुरेल. हाकेच्या अंतरावर पंक्चरवाला असतो. पण घाट, कच्चा रस्ता, रात्रीची वेळ, बरोबर म्हातारं माणूस असं असेल तर? मला विचाराल तर मी डिकीतली एक बॅग कमी करीन, पण चाक नेईन. चाक कमी केल्यानं गाडी स्वस्त होते म्हणावं, तर त्या दिवशी आमच्या पदरात तसं काही पडलेलं दिसलं नाही!

माणगावात पहिल्या दोन दुकानांत त्या मापाचा टायर नव्हता. नव्या गाड्यांची मापंही नवनवी. तिसऱ्या दुकानात मिळाला. तो रिमवर चढवून एसटी पकडली, आणि बाकीचं तुम्हाला ठाऊक आहेच. घाटात पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. आजी त्याच दगडावर बसली होती आणि डबा रिकामा होता. विळ्याला टपरीवर जॅक दिला. टपरीवाल्या भावानं पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला. दिवेआगरला पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले.

पुण्याला आल्यावर मेहुण्यांनी पहिल्यांदा एक जादा चाक आणि जॅक विकत घेतला. डिकीत तो पट्ट्यानं बांधून ठेवलाय, कारण सुटं चाक जोरात ब्रेक लागल्यावर पुढे येऊन आदळू शकतं. बहीण कुरकुरते, की आता बॅगा मांडीवर घ्याव्या लागतात.

मी मात्र सगळ्यांना ऐकवत होतो, "माझी गाडी बघा. बारा वर्षांची जुनी, पण स्टेपनी आहे!" भाचा म्हणाला, "मामा, दाखव ना."

डिकी उघडली. चाक होतं, एकदम नवं कोरं, कधीच न वापरलेलं. भाच्यानं सायकलचा हवा मोजायचा काटा आणला होता. तो त्यानं लावला. ३३ असायला हवी होती, काटा ९ वर थांबला.

भाचा काही बोलला नाही. त्यानं ते चाक खाली उतरवलं आणि ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे घेऊन गेला. मी मागून चाललो होतो.