पंधरा दिवसांची मुदत: ‘विकणे आहे’ लिहून रस्त्यात गाड्या सोडणाऱ्यांना

बीड शहरात, तसंच परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई, केजच्या गल्ल्यांत ज्यांनी आपली जुनी मोटार काचेवर ‘विकणे आहे’ लिहून रस्त्याच्या कडेला सोडून दिली आहे, त्या प्रत्येक मालकाला हा जाहीर इशारा आहे. पंधरा दिवसांच्या आत गाडीचा विमा भरा आणि ती स्वतःच्या जागेत घ्या. जागा नसेल तर भाड्याने घ्या. तेही जमत नसेल तर गाडी रीतसर मोडीत काढा. गिऱ्हाईक येत नाही, भाव मिळत नाही, ही तुमची अडचण आहे. तिच्यापायी शेजाऱ्यांनी रस्ता सोडायचा आणि त्यांच्या लेकरांचा जीव टांगणीला लागायचा, हे यापुढे चालणार नाही.

आधी विम्याचं बोलू. ‘गाडी जागची हलत नाही, मग विमा कशाला?’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विम्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरता येत नाही. सार्वजनिक ठिकाण म्हणजे फक्त हमरस्ता नव्हे. लोकांना जिथून जाण्यायेण्याचा हक्क आहे तो बोळही त्यात आला. राहिला ‘वापर’. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर पेट्रोलचा एक टँकर ट्रकची धडक बसून रस्त्याखाली कलंडला. काही तास तो तसाच पडून होता. पेट्रोल गळत होतं, माणसं जमली होती, आणि सकाळी स्फोट झाला. माणसं होरपळून मेली. टँकर तर पडलेला होता, मग तो वापरात कसा, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला. वाहन चालत नसलं, बंद पडलेलं असलं, तरी ते ‘वापरात’ असू शकतं, असा तो निकाल आहे. तेव्हा उभ्या गाडीला कायदा विचारत नाही, ही समजूत डोक्यातून काढून टाका.

विमा नसताना सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही; पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. पण दंडाला घाबरा असं मी म्हणत नाही. घाबरायचं ते कलम १६४ ला. वाहनाच्या वापरातून झालेल्या अपघातात माणूस दगावला तर ५ लाख, गंभीर जखमी झाला तर अडीच लाख रुपये भरपाई, आणि त्यासाठी चूक कोणाची हे सिद्धसुद्धा करावं लागत नाही. विमा असेल तर हे पैसे कंपनी भरते. नसेल तर मालकाने भरायचे, मग त्यासाठी रान विकायची वेळ आली तरी. उताराला उभी केलेली गाडी हँडब्रेक सैल होऊन घरंगळली, गळक्या टाकीजवळ कोणी काडी ओढली, तर हे पैसे कुठून आणणार आहात?

हे टाळायला किती खर्च येतो? १ जून २०२२ पासूनच्या दराने १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,०९४ रुपये आहे. जुनी मारुती ८०० यात बसते. १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६, त्यावर ७,८९७, जीएसटी वेगळा. सुमोवाल्यांना हा आकडा जड वाटेल, ते मला मान्य आहे. पण मग सुमो रस्त्यात ठेवण्याचा हट्टही सोडा.

आणखी एक गोष्ट, जी दलाल तुम्हाला सांगत नाही. विमा आणि पीयूसी चालू नसेल तर गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट नसेल तरीही काम अडतं. म्हणजे ‘विकायचीच आहे, म्हणून विमा भरला नाही’ म्हणणारा माणूस स्वतःच विक्रीची वाट बंद करून बसला आहे. मग गिऱ्हाईक आलं की कोऱ्या फॉर्मवर सह्या, रोख पैसे, चावी हातात आणि ‘बाकीचं आम्ही बघतो’. हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि ते आत्मघातकी आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक आणि भरपाईही त्याच्याच माथी. त्या खटल्यातली गाडी कागद न बदलता कित्येक हातांतून फिरली होती, तरी जबाबदारी पहिल्या, नोंदणीकृत मालकावर आली. म्हणून फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरल्याशिवाय सही करू नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर १४ दिवसांच्या आत तुम्ही स्वतः कळवायचं आहे. व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी देणार असाल तर तो अधिकृत नोंदणी असलेला आहे का ते बघा आणि फॉर्म २९सी भरून घ्या.

वडिलांच्या नावची गाडी त्यांच्यामागे तशीच उभी आहे, अशीही घरं पुष्कळ आहेत. त्यांचं दुःख समजतं. पण वारसाने मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. कार्यालय बीडला आहे, अंबाजोगाईला आहे. ते काम करून टाका.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसलो ते. जून २०२३ मध्ये नागपुरात खेळायला गेलेली तीन लहान मुलं घरी परतली नाहीत. रात्रभर शोध झाला. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका जुन्या मोटारीत मृत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला बहीण-भाऊ असेच उभ्या गाडीत गुदमरून गेले. त्या लेकरांना कोणी मारलं नव्हतं. गाडीचं दार उघडं होतं, मुलं खेळायला आत शिरली, दार लागलं आणि आतून उघडता आलं नाही. गंजलेला खटका मोठ्या माणसालाही उघडत नाही. मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावलेलं असेल तर आतून ते उघडतच नाही. काच खाली घ्यायला बॅटरीत जीव नसतो. उन्हात बंद गाडी मिनिटांत तापते आणि मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर.

आपल्या जिल्ह्यात हे अधिक भयंकर आहे. दिवाळीच्या आगेमागे इथून लाखो माणसं कारखान्यांवर ऊस तोडायला जातात. मागे आजी-आजोबा आणि लेकरं. दुपारी आजीचा डोळा लागला की पोरं गल्लीत असतात आणि गल्लीत तुमची न लॉक केलेली इंडिका उभी असते. मार्चपासून तर बीडचं ऊन विचारूच नका. हे घडायची वाट बघायची का? मी बघणार नाही. पंधरा दिवस थांबा असं वर म्हटलं ते गाडी हलवण्यासाठी. दारं आणि डिकी लॉक करणं आजच्या आज, हा मजकूर वाचून झाल्याबरोबर करा.

रस्त्यात सोडलेल्या गाडीबद्दल कलम १२७ सांगतं, की सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेलं वाहन पोलीस उचलून नेऊ शकतात आणि ओढून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. तुमच्या गाडीखाली गवत उगवलं आहे, टायरच्या तळाशी साचलेल्या पाण्यात डासांची पैदास चालली आहे, घंटागाडी आणि रुग्णवाहिका वळत नाही. दहा तास केव्हाच उलटले आहेत.

सोळाव्या दिवशी मी माझ्या भागातल्या अशा प्रत्येक गाडीचा फोटो काढणार आहे. नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा कधी संपला ते दिसतं. ती तारीख फोटोसोबत जोडली जाईल. लेखी अर्ज वाहतूक शाखेला, नगरपरिषदेला आणि उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाला जाईल आणि तिन्हीकडून पोच घेतली जाईल. कारवाई झाली नाही तर माहिती अधिकारात विचारणा होईल. इतर गल्ल्यांतल्या वाचकांनीही हेच करावं, अशी माझी विनंती आहे. गाडीला कोणी हात लावायचा नाही, काच फोडायची नाही, हवा सोडायची नाही. जे होईल ते कायद्याने आणि कागदावर. मालकांनी मध्यस्थ पाठवू नयेत, पुढाऱ्याचा फोन लावू नये, सोयरिकीचा दाखला देऊ नये. अर्जाचा मसुदा लिहून तयार आहे. त्यात आता फक्त गाड्यांचे नंबर भरायचे राहिले आहेत.