रँडबिटवीनची क्वालिटी

माझ्या मामाचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक ड्रिलिंग मशीन, अकरा माणसं. आत गेलं की समोर फ्रेम केलेलं आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट आणि शेजारी गणपती. दोघांनाही रोज उदबत्ती.

गेल्या वर्षी एका शनिवारी मामाचा फोन आला. "सोमवारी ऑडिट आहे रे. तू कॉम्प्युटरवाला ना, जरा येऊन जा." गेलो, तर चार महिन्यांचे इन्स्पेक्शन रिपोर्ट कोरे! पिनचा व्यास २५ मिमी, अधिक-उणे ०.०२. दर तासाला एक पीस मोजून आकडा लिहायचा, तो कुणी लिहिलाच नव्हता. मग मी काय केलं? एक्सेल उघडलं आणि रँडबिटवीन लावलं. वीस मिनिटांत चार महिन्यांची क्वालिटी तयार. सुपरवायझरने तीन वेगवेगळ्या पेनांनी सह्या ठोकल्या. सोमवारी ऑडिटर खूश, मामा खूश, मला मिसळ.

पुढच्याच महिन्यात एक अख्खा लॉट कस्टमरकडून परत आला. व्यास जास्त. कारण अगदी साधं. लेथवरचं इन्सर्ट झिजत जातं तसा पिनचा व्यास हळूहळू वाढत जातो. कुणी खरंच मोजलं असतं तर २५.००५, २५.००९, २५.०१४ असा चढ दिसला असता आणि हद्द ओलांडायच्या आत इन्सर्ट बदलता आलं असतं. माझ्या रँडबिटवीनमध्ये इन्सर्ट कधी झिजतच नाही!

म्हणजे जो कागद मामाला वेळीच सावध करणार होता, तोच मी खोटा बनवून दिला. तेव्हापासून हा विषय डोक्यात बसलाय.

"छोट्या कारखान्याला क्वालिटी परवडत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. जरा हिशोब करून बघू. समजा पीस १०० रुपयांना विकला जातो आणि मटेरियल, मजुरी, वीज धरून ९० रुपये खर्च येतो. १०० पीस बनवले, सगळे चांगले, तर नफा १०००. त्यातले ४ रिजेक्ट झाले तर विक्री ९६००, खर्च तोच ९०००, नफा ६००. रिजेक्शन फक्त ४ टक्के, पण नफ्यातले ४० टक्के गेले! (भंगाराचे थोडे सुटतात, ते सोडून द्या.) न परवडणारी गोष्ट कोणती मग?

आणि यासाठी लागतं काय? वॉल्टर शुहार्टने १९२४ साली कंट्रोल चार्ट मांडला तो एका पानाच्या टिपणात. डेमिंगने १९५० साली जपानमध्ये जाऊन संख्याशास्त्राच्या याच पद्धती शिकवल्या. कॉम्प्युटर नाही, कन्सल्टंटची जाडजूड फाईल नाही. मायक्रोमीटर, कागद, पेन्सिल. आणि आकडा चढायला लागला की मशीन थांबवायची मुभा.

खरी मेख इथेच आहे. मामाकडे पीस खराब निघाला की ऑपरेटरवर आरडाओरडा होतो. मग तो शहाणा माणूस काय करणार? पीस चिप्सच्या ढिगाखाली ढकलणार आणि रिपोर्ट कोरा ठेवणार. डेमिंगच्या १४ मुद्द्यांत "भीती घालवा" हाही एक मुद्दा आहे, तो काही उगाच नाही. घाबरलेला माणूस खरा आकडा लिहीत नाही.

पण एकट्या मामाला झोडपून मोकळं होणं सोपं आहे. त्याचा मोठा कस्टमर सर्टिफिकेट मागतो, दरवर्षी रेट कमी करायला लावतो आणि पैसे चार-चार महिने लटकवतो. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची सोय आहे, पण तक्रार करून कस्टमर कोण तोडणार? नुसत्या किमतीवर ऑर्डर देऊ नका, हासुद्धा त्या १४ मुद्द्यांतलाच एक. तो मात्र कुठल्याच पर्चेस डिपार्टमेंटच्या भिंतीवर मी पाहिलेला नाही.

बरं, आयएसओ वाईट आहे का? अजिबात नाही. ते एवढंच म्हणतं, की काम कसं करायचं ते ठरवा, तसं करा, चुकलं तर सुधारा. आपण मधलं आणि शेवटचं गाळून फक्त फाईल ठेवली.

आणि आपण आयटीवाल्यांनी तर हसूच नये. सीएमएमआय लेव्हल ५ च्या बोर्डाखाली बसून शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराची टाइमशीट अंदाजपंचे भरणारे आपणच. कोड रिव्ह्यूची चेकलिस्ट न वाचता टिक करणारेही आपणच. तेही रँडबिटवीनच, फक्त एसीत बसून.

असो. लॉट परत आल्यावर मामाशी भांडलो. तो म्हणाला, "ऑडिट फेल झालं असतं तर पोरांचे पगार तू दिले असतेस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हा हिशोब त्याला कागदावर करून दाखवला, तेव्हा बराच वेळ गप्प बसला. सध्या एका लेथवर चार्ट टांगलाय आणि त्या लेथच्या ऑपरेटरला न विचारता मशीन थांबवायची परवानगी दिली आहे. बाकीच्या दोन मशीनवर अजून जुनंच चालू आहे.

पुढच्या ऑडिटच्या आधी फोन आला तर मी जाईन. पण या वेळी मायक्रोमीटर घेऊन.