पक्षाघातानंतरची आकडी

पक्षाघातातून माणूस वाचला, हातापायांत थोडी ताकद आली, की घरच्यांना संकट टळल्यासारखे वाटते. काहींना मात्र महिन्यांनंतर अचानक आकडी येते. उतारवयात नव्याने सुरू होणाऱ्या अपस्माराचे सर्वांत मोठे ज्ञात कारण पक्षाघात हेच आहे. पहिल्या 7 दिवसांतली आकडी ही ताज्या इजेची प्रतिक्रिया मानली जाते. त्यानंतर एकदाच आली, तरी ती पुन्हा येण्याची शक्यता इतकी मोठी असते की डॉक्टर तिला अपस्मारच समजतात. मग ती कोणाला येणार, हे आधी ओळखता येईल का?

उत्तराचा एक धागा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहे. या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून रक्तातले नको ते पदार्थ बाहेर रोखतात. हाच रक्त-मेंदू अडथळा. पक्षाघातात तो सैल पडतो आणि रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत पाझरते. इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातील अलोन फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले, की हे अल्ब्युमिन मेंदूतल्या आधारपेशींना डिवचते, दाह होतो आणि चेतापेशी विनाकारण उत्तेजित होऊ लागतात. लोसार्टन हे रक्तदाबाचे नेहमीचे औषध उंदरांत ही साखळी रोखू शकते, असेही 2014 मध्ये दिसले.

ही गळती माणसातही पाहता येते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य देऊन लागोपाठ एमआरआय काढले, की गळका भाग हळूहळू उजळताना दिसतो. उंदरांत सुरुवातीच्या गळतीवरून पुढच्या अपस्माराचा अंदाज बांधता आला आहे.

पण उंदीर म्हणजे रुग्ण नव्हे. पक्षाघातानंतर गळती अनेकांना होते, आकडी त्यांतल्या थोड्यांनाच येते. मूत्रपिंडे फार कमजोर असतील, तर गॅडोलिनियम जपून वापरावे लागते. म्हणून ही तपासणी आज संशोधनातच असावी. तपासण्यांच्या महागड्या ‘पॅकेज’मध्ये तिची भर पडू नये. लोसार्टनही कोणी आकडीच्या भीतीने स्वतःहून सुरू करू नये. मोठ्या रुग्णालयांनी मात्र अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून या चित्रांचा खरा उपयोग तपासला पाहिजे.

तोवर जे हाती आहे, ते तरी नीट वापरू या. पक्षाघात किती तीव्र होता, मेंदूच्या बाह्य थराला इजा झाली का, पहिल्या आठवड्यात आकडी आली का, यावरून डॉक्टरांना धोक्याचा अंदाज येतो. सरसकट सगळ्यांना आकडीच्या गोळ्या देण्याची शिफारस नाही. घरी सोडताना रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चार गोष्टी मात्र प्रत्येक कुटुंबाला सांगायलाच हव्यात: आकडी आली तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, 5 मिनिटांत थांबली नाही, तर थेट रुग्णालय गाठा. याला कोणतेही यंत्र लागत नाही, सांगणारा माणूस लागतो.